जमाखर्चाची वही आणि शुभवर्तमान

सुरतेत उधन्याच्या पलीकडे डिंडोली आहे. यंत्रमागांवर पोट भरण्यासाठी गेलेल्या खानदेशी माणसांची तेथे मोठी वस्ती आहे. माझे मामा तेथेच राहतात व कापडाच्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितात. आमचे घराणे ख्रिस्ती. सुट्टीत गेलो असता मी त्यांना म्हणालो, "मामा, सी. ए. होऊन भरपूर पैसा मिळवावासा वाटतो. पण उंट आणि सुईचे नेढे आठवले की मन कचरते."

मामा म्हणाले, "किती मिळवलेस हे प्रभू नंतर विचारील. कुणाचे ठेवून घेतलेस हे आधी विचारील."

विचार केल्यावर मला ते पटले. श्रीमंत तरुणाला प्रभूने सर्वस्व विकण्यास सांगितले हे खरे. पण फिलिप्पै येथील लुदिया उंची जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करी. विश्वास ठेवल्यावर तिने पौलासाठी आपले घर उघडले. दुकान बंद कर असे तिला कोणी सांगितल्याचे लिहिलेले नाही. मुख्य जकातदार जक्कय याने तर दोन वेगळ्या रकमा मांडल्या: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि अन्यायाने घेतले असेल त्याची चौपट परतफेड. आपल्याला त्यांतील दान तेवढे आठवते. मागावर बारा तास उभ्या असलेल्या कारागिराची मजुरी कापून दिलेला दशांश हे दान नव्हे.

पण मित्रहो, हे लिहिणे सोपे आहे. खोटी बिले करण्यास नकार देऊन मामांनी एकदा नोकरी सोडली. सहा महिने मामींच्या शिलाई यंत्रावर घर चालले. "सचोटी यांची, पाठदुखी माझी," असे मामी आजही म्हणतात. त्या सहा महिन्यांत मंडळीतील कोणी चौकशीला आले नाही.

मला खरा दोष येथे दिसतो. सचोटीचा उपदेश आपण सर्वांना करतो; तिची किंमत मात्र एकट्या घराला भरावी लागते. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनचे वेतन सोडले. तेवढा त्याग प्रत्येक संसारी माणसाला झेपणार नाही. त्याच सुमारास, १९१८ साली, वसईच्या कॅथलिकांनी सहकारी पतपेढी काढली. तीच पुढे बॅसीन कॅथलिक सहकारी बँक झाली. एकमेकांच्या ठेवींतून एकमेकांची नड भागवायची, हा सहकाराचा साधा मार्ग. पैशाला पाप न म्हणता त्यांनी त्याला कामाला लावले.

आपल्या मंडळ्यांनीही असा एक निधी ठेवावा. कापणीच्या सणाला देणगीदारांची नावे जरूर वाचावीत. पण खोट्या बिलावर सही न केल्यामुळे ज्याची चूल थंडावली, त्याच्या घरी त्या निधीतून धान्य पोहोचावे. उद्या मी मिळवता झालो तर माझी पहिली वर्गणी तेथे असेल. मामींना मी तसा शब्द देऊन आलो आहे.