पाणी चावते तेव्हा

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या बैठकीच्या खोलीत माशांची दोन फुटी काचपेटी आहे. मुलांच्या हट्टापायी ती आली आणि मुलांच्याच हौसेने टिकली. नागपूरच्या थंडीत रात्री पाणी गार पडते व एंजलसारखे उबदार पाण्यातले मासे सुस्तावतात. म्हणून पेटीत काचेच्या नळीचा हीटर, पाणी गाळण्याची लहान मोटर आणि वर ट्यूबलाइट अशी विजेची तीन साधने जोडलेली होती.

एका रविवारी सकाळी धाकटी मुलगी ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून पेटीच्या काचेवरचे शेवाळ पुसत होती. ती एकदम मागे सरली व म्हणाली, “बाबा, पाणी चावते!” आम्ही हसलो. मासा चावला असेल, असे म्हणालो. मग स्वतः हात घालून पाहिला. काही जाणवले नाही. मासे मजेत फिरत होते. पाण्यात वीज असती तर मासे जगले असते का, असा आमचा बिनतोड सवाल! मुलीची समजूत घालून आम्ही विषय मिटवला.

येथेच आम्ही चुकलो. ही चूक आणखी कुणाच्या घरी होऊ नये म्हणून हा प्रपंच.

संध्याकाळी मुलीच्या आईलाही तसाच झटका बसला, तेव्हा मात्र डोळे उघडले. वस्तीतल्या वायरमनकाकांना बोलावले. त्यांनी आल्या आल्या मेन स्विच बंद केला आणि मग आमचा बिनतोड सवाल ऐकून घेतला. म्हणाले, “भाऊ, मासे जमिनीवर उभे नाहीत. पोरगी उभी होती.”

त्यांनी समजावले ते असे. विजेला जायला वाट लागते. काचपेटी लाकडी स्टँडवर. काच व कोरडे लाकूड वीज वाहून नेत नाहीत. सारे पाणी एकाच दाबाखाली असते, म्हणून त्यातल्या माशाच्या अंगातून वीज वाहत नाही. पण ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाने हात बुडवला की पाण्यातून हातात, हातातून छातीत आणि पायांवाटे जमिनीत अशी वाट तयार होते. आमच्या पायात रबरी चपला होत्या, म्हणून आम्हाला काही कळले नाही. मासे जिवंत आहेत म्हणजे पाणी निर्धोक आहे, असे मुळीच नाही.

मग दोष शोधणे आले. काकांनी जिन्याखालच्या मीटरजवळच्या अर्थिंगच्या पट्टीपासून एक लांब वायर आणली. मीटरचे एक टोक त्या वायरीला व दुसरे पाण्यात ठेवून वीज सुरू केली. तिन्ही साधने चालू असताना मीटरवर 90 व्होल्ट! मोटरची पिन काढली, आकडा तोच. ट्यूबची काढली, तरी तोच. हीटरची काढली आणि आकडा शून्यावर आला.

तरी काका थांबले नाहीत. एकेक साधन एकटे जोडून पाहिले. एकट्या ट्यूबलाइटवर 30 व्होल्ट दिसले. पण मध्ये 15 वॅटचा बल्ब जोडताच ते जवळजवळ नाहीसे झाले. ही जवळच्या वायरीची नुसती सावली, तिच्यात जोर नाही. एकट्या हीटरवर मात्र बल्ब जोडूनही आकडा थोडाच खाली आला. ती खरी गळती. नुसता टेस्टर दोन्ही वेळा सारखाच पेटतो, म्हणून त्याच्या भरवशावर निदान करू नये.

पिन काढून, हीटर निवल्यावर बाहेर काढला. नळीला केसाएवढी तडा आणि आत पाण्याचे थेंब. दोष आमचाच होता. पाणी बदलताना आम्ही हीटर चालू ठेवला होता. उघडी पडलेली नळी तापली आणि तिच्यावर गार पाणी पडले.

शेजाऱ्यांनी सुचवले, पाण्यात एक तांब्याची तार सोडून ती जमिनीत नेऊन टाका. काकांनी हात जोडले. तांबे पाण्यात विरघळून माशांना मारते. शिवाय अशा तारेने दोष जात नाही, फक्त झाकला जातो. आणि पाण्यातून सतत वीज वाहू लागली तर माशांनाही त्रास. पिन उलटी घालून पाहणे हाही उपाय नव्हे. फुटलेले साधन फेकणे हाच उपाय.

पण खरा धक्का पुढेच होता. आमच्या भिंतीतल्या सॉकेटचे तिसरे, मोठे भोक नुसतेच भोक निघाले! मागे अर्थिंगची वायरच नव्हती. भाड्याच्या कितीतरी खोल्यांत हेच असते. आमचा समज होता की काही झाले तर एमसीबी पडेल. पण 6 अँपिअरचा एमसीबी 6,000 मिलिअँपिअर ओलांडल्याशिवाय हलत नाही. एका मिलिअँपिअरला मुंग्या येतात, दहा-पंधराला मूठ आवळून सुटत नाही आणि तिसाच्या वर श्वासावर व हृदयावर बेतू शकते. म्हणून हवा आरसीसीबी. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की तो डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडतो. घरमालकांशी बोलून आम्ही परवानाधारक माणसाकडून अर्थिंग व आरसीसीबी दोन्ही बसवून घेतले.

वाचक बंधू-भगिनींनो, पेटी माशांची असो, कासवाची असो की पाणी तापवायची बादली असो, नियम एकच. पाण्यात हात घालण्यापूर्वी पिन काढा, नुसते बटण बंद करू नका. बटण न्यूट्रलवर असेल तर बंद असूनही वीज आतच राहते. वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेले पाणी तिथेच टपकेल. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण अधूनमधून दाबून पाहा. कुणाला झटका बसलाच तर त्याला हात न लावता आधी मेन बंद करा आणि 108 वर फोन करा.

आणि घरातले लेकरू म्हणाले, पाणी चावते, तर हसू नका. आम्ही हसलो होतो. पेटीत आता नवा हीटर आहे, मासेही आहेत; पण त्या सकाळची आठवण झाली की आजही आमच्या अंगावर काटा येतो.