काळीज आणि कलेजी

मराठीत काळीज तुटते, काळजाचे पाणी होते, काळजाला घरे पडतात. लेकराला तर आपण काळजाचा तुकडाच म्हणतो. हाच अवयव सोलापुरात खाटकाच्या तराजूत पडला की बहुधा त्याची 'कलेजी' होते. एक शब्द कवितेच्या वाट्याला आला, दुसरा परातीच्या. ही वाटणी वाटते तितकी निरागस नाही, असे आमचे मत आहे.

निमित्त घडले ते एका पाककृतीचे. कलेजी वाटून केलेला 'पॅटे' हा फ्रेंच पदार्थ आम्ही घरी जरा हलका करून पाहिला. पाव किलो बोकडाची कलेजी, वरचा पापुद्रा काढून, कांदा-लसणासह चमचाभर शेंगदाणा तेलात परतली. आत गुलाबीपणा उरणार नाही इतपत शिजवून गार केली आणि मिरपूड, लिंबू व चार चमचे चक्का घालून मऊ वाटली. रूढ कृतीत या चक्क्याच्या जागी लोणी असते, तेही सढळ. म्हणजे जडपणा लोण्याचा. कलेजीत मुळात चरबी शंभर ग्रॅममागे साधारण 5 ग्रॅमच. लोह व बी-12 भरपूर. मात्र 'अ' जीवनसत्त्व इतके, की गरोदर स्त्रियांनी ती टाळावी व इतरांनीही रोज खाऊ नये. टोस्टऐवजी आम्ही सोलापूरची कडक भाकरी घेतली. ज्वारीच्या त्या खमंग, कुरकुरीत तुकड्यावर हे वाटण टोस्टपेक्षा अधिक शोभले.

येथवर सारे ठीक. परंतु 'हलके' आणि 'आरोग्यदायी' ही विशेषणे लावताना आम्ही थबकलो. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक 2015 साली आले. 2024 साली त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. सोलापूरला लागून असलेल्या मराठवाड्यातील दलित स्वयंपाकघराची ती नोंद आहे. जनावराचा कोणताही भाग वाया न घालवणारे आणि तेल, तूप, दूध यांवाचून निभावणारे हे रांधणे. तेथला हलकेपणा आहारतज्ज्ञाने सांगितलेला नव्हता. तो टंचाईने आणि जातिव्यवस्थेने लादलेला होता. ज्या अन्नावरून माणसांना हिणवले गेले, तेच अन्न परदेशी नाव घेऊन आले की आपण बशीत सजवतो.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून हा प्रश्न आम्हांला वर्गापर्यंत आणून सोडतो. दलित आत्मकथनांतील भूक आपण शिकवतो, तिच्यावर परीक्षेत प्रश्नही विचारतो. त्या भुकेशी झगडत घडलेले पाकज्ञान मात्र वेदनेच्या खाती जमा करून मोकळे होतो. वेदना खरीच आहे. पण हाताचे कसब, चवीची पारख, टिकवण्याच्या युक्त्या याही त्याच जगण्यातल्या आहेत. एम.ए.च्या अभ्यासक्रमात आत्मकथनांच्या शेजारी पाटोळ्यांचे हे पुस्तक ठेवावे, अशी आमची सूचना आहे.

पाककृतींचे पुस्तक साहित्याच्या वर्गात कशाला, असे कोणी विचारील. बखरी आणि पत्रे आपण गद्य म्हणून वाचतोच ना? मग चुलीपुढच्या गद्याचे वावडे का असावे? 'काळीज' शिकवणाऱ्यांनी 'कलेजी'चाही अर्थ सांगायला हवा.