पुन्हा वही उघडताना



जिने एकेकाळी हौसेने लिहायला सुरुवात केली, तिची वही कपाटात कुठेतरी असतेच. पहिली वीस-पंचवीस पाने भरलेली, बाकी कोरी. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे दुखणे, लग्नसराई, पाहुणे यात सहा महिने जातात, मग वर्ष जाते. नंतर वही दिसली तरी हात लागत नाही. इतक्या दिवसांनी काय लिहायचे, असा संकोच वाटतो. माझे म्हणणे एवढेच, की हा संकोच सोडावा आणि पुन्हा लिहायला बसावे. मात्र या वेळी जरा सैल हाताने, आणि तरीही शिस्तीत.

सैल आणि शिस्तीत, हे दोन्ही एकत्र कसे जमणार? आपल्याला तरी हे नवे नाही. ज्या घरांत चौदा नियम धारतात, तिथे रोज सकाळी त्या दिवसापुरती मर्यादा ठरते. प्रकृती आणि प्रसंग पाहून प्रमाण कमी-जास्त होते, पण नियम धारणे सुटत नाही. सामायिकही दोन घटकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे. दिवसभर बसून राहा, असे कोणी सांगत नाही. लिहिण्यालाही असेच परिमाण घालावे. आठवड्यातून एक दिवस, दोन घटका. तेवढ्यात होईल ते होईल. रोज एक पान लिहिण्याचा संकल्प बहुधा पंधराव्या दिवशी मोडतो आणि वही पुन्हा कपाटात जाते.

वहीचे तीन भाग करावेत: घर, धर्म आणि माणसे.

घराच्या भागात चातुर्मासात पालेभाज्या बंद झाल्यावर आठवडाभर काय काय केले, पापड किती किलोचे घातले, सूर्यास्तापूर्वी सगळ्यांची जेवणे व्हावीत म्हणून नोकरीवरून येणाऱ्यांची सोय कशी लावली, हे सारे येईल. पुढच्या वर्षी तेच पान उघडले की निम्मी धावपळ वाचते.

धर्माच्या भागात व्याख्यानात ऐकलेले आणि मनात आलेल्या शंका लिहाव्यात. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. ऐकलेले मनात घोळवणे म्हणजे अनुप्रेक्षा, आणि हातात पेन असले की मन फार भटकत नाही.

माणसांच्या भागाला एकच अट: निंदा नको. कुणाच्या घरातले भांडण आपल्या वहीत येता कामा नये.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्वतःबद्दल लिहिणे म्हणजे मान कषायाला खतपाणी घालणे नव्हे का? कौतुकासाठी लिहिले तर नक्कीच. पण श्रुतपंचमीची कथा आठवा. गिरनारवर धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना आपल्याकडचे ज्ञान दिले, कारण स्मरणशक्ती क्षीण होत चालली होती आणि ते ज्ञान लुप्त होण्याची भीती होती. त्यातूनच षट्खंडागम लिहिला गेला. ती शास्त्राची गोष्ट, आपली घरगुती, बरोबरी नाहीच. कारण मात्र तेच आहे: लिहिले नाही तर जाते.

आणि आपले किती गेले आहे, ते पाहा. आजीने वर्षीतप केले, अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने पारणे झाले, पत्रिकेत तिचे नाव छापले. पण एक दिवस उपवास आणि एक दिवस बियासणा करत वर्ष काढताना स्वयंपाकघर कुणी सांभाळले, कोणत्या दिवशी धीर सुटला, तो परत कसा आला, हे कुठेच लिहिलेले नाही. तिच्यामागे नातसून तप करायला बसते, तेव्हा हाती फक्त नाव आणि फोटो उरतो.

आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक कोणत्या शाळेत शिकून लेखिका झाल्या नव्हत्या. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर पतीकडून शिकल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांचे वय ६६ होते. त्यांचा धर्म वेगळा, वाट वेगळी. पण वडिलांचे कडक सोवळे, संसारातली ओढाताण, नवऱ्याचा विक्षिप्तपणा हे सगळे त्यांनी बोलावे तसे लिहिले, म्हणून ते घर आज आपल्याला दिसते. ‘आता या वयात काय लिहायचे’ म्हणणाऱ्या प्रत्येकीने हे लक्षात ठेवावे.

मागचा खंड भरून काढायच्या नादी लागू नका. राहिलेली दोन वर्षे तशीच राहू द्या, एक पान कोरे सोडा आणि आजची तारीख, तिथी घाला. सासूबाई किंवा आई जवळ असतील तर पहिल्याच दिवशी त्यांना त्यांच्या एखाद्या तपाबद्दल विचारा आणि त्या सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

जय जिनेंद्र.