सापडले त्याला हिस्सा द्या

चिखलीत बांधकामाच्या खोदकामात मजुरांच्या हाती लागलेली 216 सोन्याची नाणी पिंपरी-चिंचवड पोलिसांनी जप्त केली आणि चोर सापडल्याचा आनंद सगळीकडे झाला. नाणी दडवली, हे चूकच. पण ती जमा केली असती तर कायद्याने आपल्याला काय मिळाले असते, हे त्या मजुरांना कधी कुणी सांगितले होते काय?

भारतीय निखात निधी अधिनियम 1878 चा आहे. जमिनीत किंवा भिंतीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. त्या धनाला मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश ज्याला सापडले त्याचे, एक चतुर्थांश जागामालकाचे. सरकारला ते हवे असेल तर सरकारने पैसे मोजायचे. दडवले तर हिस्सा जातो, वर वर्षभरापर्यंतची कैद. कैदेचा धाक सगळ्यांना ठाऊक आहे. तीन चतुर्थांशाचा हक्क नांदेड-लातूरच्या किती शेतकऱ्यांना ठाऊक आहे?

आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. कंधार राष्ट्रकूटांचे, औसा-उदगीरला किल्ले, गावोगाव ढासळत्या गढ्या. माळवदावर टाकायला आणि रानात पसरायला लोक पिढ्यानपिढ्या पांढरीची माती खणत आले. त्या मातीतून खापरांबरोबर नाणीही वर येतात. वाडा पाडताना भिंतीतून गाडगे निघते. मग धास्ती एकच: पोलीस मागे लागतील, सरकार सगळे घेऊन जाईल. म्हणून माल गुपचूप सराफाकडे जातो आणि मुशीत वितळतो.

मुशीत काय जळते, ते पाहा. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर क्षत्रप नहपानाच्या मुद्रेवरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे ठोकली होती. हरलेल्या राजाचा चेहरा आणि त्याच्यावर जिंकलेल्याचा शिक्का, एकाच चकतीवर! ती नाणी कुणी वितळवली असती तर चांदीचे चार पैसे आले असते आणि सातवाहनांच्या विजयाचा हा पुरावा कायमचा गेला असता.

कायद्यातही खोट आहे. सरकार माल घेते ते धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन. सातवाहनांचे शिशाचे नाणे आणून देणाऱ्याला या हिशेबाने चहाचे पैसेही सुटायचे नाहीत. ज्या इंग्रजांनी हा कायदा आपल्यावर लादला, त्यांच्या देशात 1996 च्या कायद्यानुसार ज्याला सापडले त्याला बाजारभावाने मोबदला मिळतो. 2009 मध्ये स्टॅफर्डशायरच्या शेतात सापडलेल्या सोन्याचे साडेबत्तीस लाखांवर पौंड झाले आणि शोधणाऱ्याने व शेतकऱ्याने ते निम्मे-निम्मे घेतले. आपण मात्र दीडशे वर्षांपूर्वीचे दहा रुपये धरून बसलो आहोत.

लोकांवर विश्वास टाकला तर काय घडते, हे शेजारच्या तेरने दाखवले आहे. रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने हजारो पुराणवस्तू जमवल्या, म्हणून आज तिथे त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय आहे. आणि जिथे कायद्याची माहिती पोहोचत नाही तिथे मांत्रिक पोहोचतो. 1972 ते 1974 या काळात मानवतला गुप्तधनाच्या नादाने झालेले खून मराठवाडा विसरलेला नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आला, तरी गुप्तधनाच्या नावाने खड्डे खणणे थांबलेले नाही.

नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक तलाठी सज्जावर तीन चतुर्थांशाचा हक्क ठळक अक्षरांत लावा. आणून देणाऱ्याला त्याच दिवशी, नाण्यांची संख्या आणि वजन लिहून पावती द्या. त्याला पोलीस ठाण्यात बसवून ठेवू नका. सापडलेल्या जागेची नोंद पुरातत्त्व विभागाच्या माणसाकडून त्याच आठवड्यात करून घ्या. आणि हिस्सा ठरला की तो मजुराच्या खात्यात जमा करा, मुकादमाच्या नव्हे.