आधी हजेरी द्या, मग 'झोकून दे' म्हणा

कलावंतानं उपाशी राहावं, त्यानं कला पिकते, असं ज्यानं कुणी पहिल्यांदा लिहिलं तो पोटभर जेवून ढेकर देत बसला होता. आणि 'नोकरी सांभाळ, नाटक काय रविवारी कर' असं ज्यानं सांगितलं, त्याला रविवारची सुट्टी होती. ह्या दोन शहाण्यांच्या मधी आमची पोरं चेंगरतायत.

आमचं गडब घ्या. पेणच्या पुढं, गोवा हायवेच्या कडेला. खाडीत बार्ज येतात, त्या रिकाम्या करायला आम्ही. ठेकेदाराचा माणूस फोन करील ती पाळी. बार्ज येते भरतीच्या पाण्यावर, आणि भरतीला तालमीची वेळ कळत नाय. सात वाजता तालीम ठरवा, सातला बार्ज लागते. ऑडिशनला मुंबईत जायचं तर कासूला गाडी पकडा, अख्खा दिवस गेला, म्हणजे खाडा. लागोपाठ दोन खाडे झाले की तिसऱ्या दिवशी फोन येतच नाय. तिकडं ऑडिशनवाला दोन मिनिटं बघतो, डाव्या अंगानं बघतो, उजव्या अंगानं बघतो, म्हणतो कळवतो. कळवलंच तर काय? हमाल. गडी. पोलिसाचा मार खाणारा गुंड. दोस्तहो, हमालाचा पार्ट करायला हमाली बुडवून जायचं, आणि त्या पार्टाचे पैसे तीन महिन्यांनी! ह्याला हे लोक 'स्ट्रगल' म्हणतात. वर मुलाखतीत पाणावलेल्या डोळ्यांनी सांगतात.

डॉ. श्रीराम लागूंचं नाव मोठं आहे, आम्ही मानतो. 1969 साली चांगली चाललेली डॉक्टरकी सोडून ते रंगभूमीवर उतरले. धाडस होतं. पण नाटक पडलं असतं तर दवाखान्याची पाटी परत लावता आली असती. ती पाटी आमच्याकडं नाय. अमरीश पुरी कर्मचारी राज्य विमा महामंडळात वीसेक वर्षं नोकरीला होते, प्रशांत दामले 'बेस्ट'मध्ये. ह्यात त्यांचा दोष काहीच नाय. फक्त एवढं ध्यानात घ्या, की मराठी रंगभूमीचा खरा आश्रयदाता कुणी राजा नव्हता, सरकार पण नव्हतं. तो होता महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आणि ठरल्या वेळी सुटणारं ऑफिस. गिरणगावात तेच. पाळी ठरलेली होती म्हणून कामगारानं तोंडाला रंग लावला, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा गाजवल्या. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, पाळी गेली, तालमीच्या खोल्या गेल्या. आणि आता हेच लोक विचारतात, कामगारांतून नट का येत नाहीत? येतील कुठून? कामगारच कुठं ठेवलाय तुम्ही!

आता आमच्याकडची नावं बघा. निळू फुले माळीकाम करत होते. भगवानदादा पालव गिरणी कामगाराचं पोर. 1951 ला 'अलबेला' काढला, अख्खा देश त्यांच्या पावलांवर नाचला. शेवट? जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, आणि 2002 साली दादरच्या चाळीतल्या खोलीत जीव गेला. त्याच वर्षी विठाबाई नारायणगावकर गेल्या. मातंगाची लेक. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतलेली बाई, अखेरचे दिवस हलाखीत. आता तिच्याच नावाचा पुरस्कार सरकार दरसाल देतं, फोटो काढून. जिवंतपणी भाकर नाय, मेल्यावर स्मृतिचिन्ह.

म्हणून आमची आई जेव्हा म्हणते, 'नाटकाचं खूळ काढ डोक्यातनं', तेव्हा तिला अडाणी म्हणू नका. आमच्या बापजाद्यांना नाचणं-गाणं 'करिअर' म्हणून मिळालं नव्हतं. डफ वाजव, नाच, पाटलाला हसव, मग शिळंपाकं घे. ते बलुतं होतं, बिनपगारी. त्यातून सुटायला पिढ्या गेल्या. आता पोरगं परत बिनपगारी नाचायला निघालंय, एवढंच तिला दिसतं. आणि तिला दिसतं ते खोटं नाय.

मग काय, नटाचं स्वप्न समुद्रात बुडवायचं? अजिबात नाय. मी गोदीतला माणूस, गोदीचंच सांगतो.

मुंबई गोदीत पूर्वी टोळीवाला असायचा. गेटवर माणसांची गर्दी. तो बोट दाखवील तो आत, बाकीच्यांनी घरी जायचं. जहाज आलं तर चूल पेटायची. ऑडिशनच्या रांगेत आणि ह्या रांगेत काडीचा फरक सांगा! पण गोदीवाल्यानं ह्याला 'स्ट्रगल' म्हटलं नाय. त्यानं युनियन केली. 1948 साली गोदी कामगारांचा कायदा झाला, मग डॉक लेबर बोर्ड आलं. कामगाराची नोंदणी झाली. काम पाळीपाळीनं वाटलं जाऊ लागलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जहाज नसलं तरी हजर राहिल्याचा पैसा मिळू लागला. हजेरीचा पगार! थांबण्याला किंमत आली. पी. डिमेलोसारखी माणसं त्यासाठी झिजली. 1994 मध्ये मुंबईचं ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. आज खाजगी धक्क्यांवर ठेक्यातली माझ्यासारखी पोरं परत गेटवर उभी आहेत, हा भाग निराळा. निराळा कसला, तोच आहे.

नट म्हणजे दुसरं काय? काम नसताना पण तयार राहणारा कामगार. शरीर तयार, आवाज तयार, पाठांतर तयार. ह्या तयारीचा पैसा कोण देतो? त्याची बायको देते, आई देते, धुणीभांडी करून. निर्माता फुकट वापरतो. म्हणून मागणी अशी करा: तालमीचा रोज द्या. ऑडिशनला बोलावलं तर गाडीभाडं आणि बुडालेला रोज द्या. करार लेखी करा, पैसे आठवड्यात द्या. आणि इकडं धक्क्यावर पाळीचं वेळापत्रक आठ दिवस आधी लावा. ही शेवटची मागणी नाटकाची वाटत नाय ना? तीच सगळ्यात जास्त नाटकाची आहे. माझा सातचा वेळ मला ठरवून मिळाला तर मी हमाल पण राहीन आणि नट पण. कुणाच्या मेहेरबानीवर नाय.

वीरा साथीदारांना आठवा. नागपूरचा कार्यकर्ता. 'कोर्ट' सिनेमात 2014 साली शाहीर उभा केला, सिनेमानं राष्ट्रीय पुरस्कार घेतला. हा माणूस स्टार व्हायला धावला नाय, चळवळीतच राहिला. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेला. त्यांचं नाव घेऊन आमचेच काही पुढारी पोरांना सांगतात, बघा, पैशाचा विचार करू नका. साफ चूक. त्यांनी मोह धरला नाय हे त्यांचं मोठेपण. त्याच्या जिवावर तुम्ही फुकट प्रयोग मागता हा तुमचा हलकटपणा.

होय, आपल्यातल्यांना पण बोलतोय. 14 एप्रिलला डीजेवाल्याला आगाऊ रक्कम, मांडववाल्याला रोख, बॅनर छापणाऱ्याला रोख. आणि रात्री दोन तास घसा फोडणाऱ्या शाहिराला, पथनाट्यातल्या पोरांना? शाल आणि नारळ. शाल घेऊन वाण्याकडं जाता येतं का? 'चळवळीसाठी करा' म्हणतात. डीजेवाला चळवळीसाठी करतो का? त्याला विचारायची हिंमत आहे का? टोळीवाला काय फक्त बाहेरच असतो असं नाय.

आमच्या वाडीत वर्गणीची वही निघेल तेव्हा पहिल्या पानावर मांडव-डीजेच्या वर एक ओळ लिहून घेणार आहोत: कलावंतांचं मानधन, तालमीसकट. ती ओळ नसेल तर आम्ही वर्गणी देणार नाय, आणि प्रयोग पण करणार नाय. दादर, वरळी, चेंबूरच्या दोस्तांनी आपापल्या वह्या बघाव्यात.