‘पित्त झालंय’ म्हणून चालणार नाही



सुटीवरून बहारीनला परतणाऱ्या आपल्या माणसाची बॅग उघडली, तर चटणीच्या डब्याशेजारी पित्ताच्या गोळ्यांच्या दहा-वीस पट्ट्या हमखास निघतात. काही स्वतःसाठी, उरलेल्या खोलीतील सोबत्यांसाठी. जयंतीच्या सुमारास एखाद्या शुक्रवारी भरणाऱ्या आपल्या आरोग्य शिबिरातही सर्वांत आधी रिकामे होते ते याच गोळ्यांचे खोके, आणि पुढे वार्षिक अहवालात ‘मोफत औषधवाटप’ असा उल्लेख मोठ्या अभिमानाने केला जातो. या औषधवाटपाविरुद्ध आम्ही आज लिहीत आहोत. कित्येक वर्षे त्या खोक्यामागे बसून वाटणारा हात आमचाच होता, हेही येथे लपवीत नाही.

मूळ घोटाळा आपल्या भाषेत आहे. डोके दुखले की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, उलटी झाली की पित्त, जेवणानंतर पोट फुगले तरी पित्तच. वास्तविक पित्त यकृतात तयार होते. जळजळ करते ते जठरातील आम्ल, म्हणजे सर्वथा निराळा द्रव. शब्दांचा हा काथ्याकूट वाटेल. परंतु ज्या एका शब्दात दहा आजार मावतात, त्या शब्दाने अकरावा आजारही सहज झाकला जातो. तो अकरावा आजार हृदयाचा असतो.

एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील गाळले आहेत. सलमाबादच्या बाजूला कारखान्यात काम करणारा, चाळिशीतील एक गृहस्थ आमच्या टेबलापाशी आला. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, जिना चढताना छातीत जळजळतं. थांबलं की बरं वाटतं. पित्तच असणार.” रांग मोठी होती. आम्ही दोन पट्ट्या त्याच्या हाती ठेवल्या आणि पुढच्याला बोलावले. श्रम केल्यावर सुरू होणारी आणि विसावल्यावर थांबणारी जळजळ ही पोटाची नव्हे, हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण आहे, हे वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थीही सांगेल. काही महिन्यांनी एका रात्री त्याला दरदरून घाम फुटला, डावा हात भरून आला. सोबत्यांनी आधी इनो पाजले, मग आम्हीच दिलेली गोळी दिली, पाठ चोळली आणि उजाडण्याची वाट पाहिली. ९९९ क्रमांक फिरवायचे कोणाच्या मनात आले नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होते की याला पित्ताचा त्रास आहे. शिबिरातल्या डॉक्टरांनीच तसे औषध दिले होते. माणूस वाचला, पण हृदयाचे स्नायू कायमचे दुबळे झाले. जड काम अशक्य झाले, तो गावी परतला. आमच्या ‘मोफत औषधवाटपा’त त्याचीही एक नोंद आहे.

औषधावर आमचा राग नाही. आमचे शल्यचिकित्सेचे अध्यापक सांगत की, एकेकाळी जठरव्रणाच्या शस्त्रक्रियांनी त्यांचे दिवस भरून जात. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडीन १९७६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आले. १९८८ साली त्यांना नोबेल मिळाले आणि त्याच साली ओमेप्राझोलही आले. या औषधांनी असंख्य पोटे सुरीपासून वाचविली. परंतु व्रण होतो कशाने? आम्हाला शिकविले जात होते: ‘हरी, वरी, करी’. म्हणजे घाई, काळजी आणि तिखट रस्सा. दोष सारा रोग्याच्या स्वभावाचा आणि ताटाचा! ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वॉरन आणि मार्शल यांनी १९८२ साली जठरातील एक जीवाणू वेगळा काढून दाखविला. जग हसले, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी त्याचे द्रावण स्वतःच पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा तो जीवाणू. तो असेल तर प्रतिजैविकांसह सुमारे चौदा दिवसांचा उपचार करून व्रणाचे मूळच काढता येते. मग वर्षानुवर्षे नुसते आम्ल दाबीत बसायचे कशासाठी? आणखी गंमत अशी की, या गोळ्या चालू असताना श्वासाची वा शौचाची तपासणी केली तर जीवाणू असूनही ‘नाही’ असा निकाल येऊ शकतो. तपासणीपूर्वी त्या दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात. म्हणजे आम्ही वाटलेली पट्टी नुसता आजार झाकत नाही, तपासणीलाही चकविते.

व्रणाचे दुसरे मोठे कारण तर आपण स्वतः गिळतो. दिवसभर ओझी उचलून कंबर धरते, म्हणून आयबुप्रोफेन वा डायक्लोफिनॅक. त्याने जठराचे अस्तर सोलवटते, म्हणून वर पॅन्टोप्राझोल. दुखण्याची गोळी आणि त्या गोळीच्या दुखण्याची गोळी, हे दोन्ही एकाच कोल्ड स्टोअरच्या पिशवीतून खोलीवर येते. ज्यास वेदनाशामक खरोखरच दीर्घकाळ आवश्यक आहे आणि वय वा जुना व्रण यांमुळे ज्यास धोका आहे, त्याला संरक्षक गोळी जरूर द्यावी; पण ते वैद्याने ठरवावे.

घेण्याची रीतही बहुतेकांची चुकीची. ओमेप्राझोल-पॅन्टोप्राझोल जातीचे औषध जठरातील आम्लाचे पंप बंद करते, आणि तेही जेवणाने जागे झालेले पंपच. म्हणून ते न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यायचे. रात्री अकराला जेवून, जळजळले की गोळी टाकून आडवे होण्याने फारसे काही साधत नाही. पूर्ण परिणामाला काही दिवस लागतात. मग माणूस दुसरी गोळी घेतो. अमेरिकेत चिठ्ठीविना मिळणाऱ्या ओमेप्राझोलच्या वेष्टनावर चौदा दिवसांची मर्यादा छापलेली असते आणि चार महिन्यांच्या आत पुन्हा घेऊ नये, असे बजावलेले असते. आपल्याकडे चौदा वर्षे घेणारे सभासद आहेत.

“पण बंद केली की दुप्पट जळजळतं, म्हणजे मला गरज आहेच ना?” हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. डेन्मार्कमध्ये पोटाची कोणतीही तक्रार नसलेल्या १२० निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठ आठवडे या जातीची गोळी दिली. ती थांबविल्यानंतरच्या आठवड्यांत ४४ टक्के लोकांना आम्लाचा त्रास झाला. ज्यांना केवळ बनावट गोळी दिली होती, त्यांच्यात तो १५ टक्के होता. औषधानेच औषधाची गरज निर्माण केली! म्हणून दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम तोडू नये. मात्रा घटवीत, मग दिवसाआड करीत ती सोडवावी लागते.

दीर्घ वापराच्या हानीविषयी अतिशयोक्ती करणार नाही. या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश होतो अशी भीती मध्यंतरी पसरली होती. ती सिद्ध झालेली नाही. परंतु ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तातील मॅग्नेशियम घटणे, हाडे मोडण्याचा वाढता संभव, आतड्याचे संसर्ग, क्वचित मूत्रपिंडाचा दाह, या गोष्टी गंभीरपणे घ्याव्यात अशाच आहेत. आपल्यातील मधुमेही बांधव मेटफॉर्मिन घेतात, त्यानेही ब-१२ घटते. दोन्ही औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्याच्या पायांना मुंग्या आल्या तर त्याने ‘साखरेमुळे’ म्हणून गप्प बसू नये.

नावापुढे ‘डी’ अक्षर असलेल्या गोळ्या अनेकांच्या विशेष आवडीच्या. त्यात पुष्कळदा डोम्पेरिडोन असते. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते म्हणून युरोपीय औषध संस्थेने २०१४ साली ते केवळ मळमळ-उलटीसाठी, कमी मात्रेत आणि शक्यतो एका आठवड्यापुरते मर्यादित केले. छातीतील जळजळीसाठी नाहीच. रॅनिटिडीनचे तर सर्वश्रुत आहे: २०१९ साली त्यात कर्करोगकारक असू शकणारे एन.डी.एम.ए. आढळले, २०२० साली अमेरिकेने ते बाजारातून काढावयास लावले आणि २०२२ साली भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळले गेले. आपल्या खोक्यात ते त्यानंतरही होते.

कार्यकारिणीतील मित्र म्हणतील, डॉक्टर, माणसे बारा-बारा तास राबतात, पहाटे चहा-बिडीवर निघतात, बसमधून परतून रात्री उशिरा रांधतात. रजा घेऊन दवाखान्यात गेले तर पगार कापला जाण्याचे भय. गोळी नाही तर काय द्यायचे? हा युक्तिवाद आम्हाला मान्य आहे, आणि म्हणूनच आमचा विरोध आहे. वेळेवर जेवण, विसावा आणि तपासणीची रजा या ज्यांच्या हक्काच्या गोष्टी, त्यांना त्याऐवजी आपण दहा गोळ्यांची पट्टी देतो. मालकाला याहून स्वस्त सोय कोणती हवी?

सबब आमची मागणी अशी. येत्या शिबिरात आमच्या टेबलावर पित्ताच्या गोळ्यांचे खोके ठेवू नये. त्याच पैशांत हृदयाचा आलेख काढणारे यंत्र दिवसभरासाठी भाड्याने आणावे. जळजळीची तक्रार करणाऱ्या प्रत्येकास आम्ही विचारू: श्रमाने वाढते काय? शौच डांबरासारखे काळे होते काय? घास अडकतो काय? वजन घटले काय? रक्ताची उलटी झाली काय? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, तर त्याच्या हाती गोळी नव्हे, चिठ्ठी पडेल, आणि सी.पी.आर. कार्ड घेऊन त्याच्यासोबत आरोग्य केंद्रात वा सलमानिया रुग्णालयात जाणारा एक स्वयंसेवक कार्यकारिणीने नेमावा. ज्यांना हृदयविकारासाठी, जुन्या व्रणासाठी वा अन्ननलिकेच्या दाहासाठी डॉक्टरांनी ही गोळी दिली आहे, त्यांनी हा लेख वाचून ती परस्पर बंद करू नये; पट्टी घेऊन आमच्याकडे यावे. रांग लांबेल, अहवालातील आकडा लहान दिसेल. आम्ही संध्याकाळपर्यंत बसू.