सवलतीचा परवाना आणि कोरी डिस्क

विंडोज ७ ही कार्यप्रणाली २२ ऑक्टोबर २००९ रोजी विक्रीस आली. प्रोफेशनल आवृत्तीच्या ज्या अपग्रेडसाठी अमेरिकेतील दुकानांत १९९.९९ डॉलर मोजावे लागत, तेच तेथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना, विद्यापीठाच्या ई-मेल पत्त्याच्या दाखल्यावर, २९.९९ डॉलरांत मिळू लागले. आणि ३ जानेवारी २०१० ही मुदत टळू नये म्हणून पुष्कळांनी, त्यांत तिकडे शिकणारी आपली मराठी मुलेही आली, करारनामा न वाचताच मान्यतेची कळ दाबली. वाद उपस्थित झाला तो यानंतर. सवलतीच्या या परवान्यावर डिस्क संपूर्ण पुसून नवी स्थापना, म्हणजे ज्याला क्लीन इन्स्टॉल म्हणतात ती, करण्याची मुभा विद्यार्थ्याला आहे की नाही? यावर दोन पक्ष पडले, आणि माझ्या मते दोन्ही पक्षांनी हक्काचा शोध भलत्याच ठिकाणी, यंत्राच्या पोटात, घेतला.

पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, अपग्रेड हे जुन्या विंडोजवरच चढवावयाचे असते. जुनी विंडोज पुसली की परवान्याचा आधारच नाहीसा होतो. प्रमाण म्हणून ते पडद्यावर उमटणारा संदेश पुढे करतात: ही परवान्याची कळ (प्रॉडक्ट की) केवळ अपग्रेडसाठी आहे, कोऱ्या स्थापनेसाठी नाही. प्रमाण सकृद्दर्शनी बिनतोड वाटते खरे, परंतु ते मानल्यास मायक्रोसॉफ्टचीच व्यवस्था खोटी ठरते. कारण जुन्या विंडोज एक्स्पीवरून विंडोज ७ वर जाताना जुन्या कार्यक्रमांसह जागच्या जागी अपग्रेड करण्याची सोय मुळात ठेवलेलीच नव्हती, ३२ बिटांवरून ६४ बिटांवर जाणाऱ्यासही ती नव्हती, आणि व्हिस्टा होम प्रीमियमच्या धन्याने सवलतीत प्रोफेशनल घेतली तर त्यालाही ‘कस्टम’ हाच पर्याय निवडून नवी स्थापना करणे प्राप्त होते. त्या संदेशाचा खरा अर्थ एवढाच की, स्थापना सुरू झाली तेव्हा डिस्कवर जुनी विंडोज आढळली नाही. ती विकत घेतली होती की नव्हती, हे स्थापना-कार्यक्रमातल्या त्या पहारेकऱ्याला ठाऊक असण्याचा संभवच नाही.

शिवाय विद्यार्थ्याच्या पदरात पडले काय, तेही पाहावे. उतरवून घेतलेला माल एक कार्यवाही फाइल आणि दोन ‘बॉक्स’ फायली अशा रूपात येई, आणि तो चालत्या विंडोजमध्येच उलगडावयाचा असे. ज्याच्या संगणकावर ३२ बिटांची विंडोज होती आणि ज्याने ६४ बिटांची प्रत मागितली होती, त्याच्याकडे ती उलगडतच नसे. मग कोणा मित्राच्या संगणकावर फायली सोडवून, त्यांची डीव्हीडी करून, तिच्यावरून संगणक सुरू करण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नसे. अशा माणसावर नियमभंगाचा आळ घेणे हा शुद्ध अन्याय होय.

दुसरा पक्ष अधिक चतुर आहे. विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतील, म्हणजे रजिस्ट्रीतील, ‘मीडियाबूटइन्स्टॉल’ या नोंदीत एकाच्या जागी शून्य लिहावे, ‘एसएलएमजीआर’ या परवाना-साधनाची रीआर्म आज्ञा द्यावी, संगणक पुन्हा सुरू करावा, की कळ मुकाट्याने स्वीकारली जाते, आणि यंत्राने स्वीकारले म्हणजे हक्क सिद्ध झाला, असा त्यांचा युक्तिवाद. तलाठ्याच्या नजरचुकीने फेरफार नोंदला गेला म्हणून शेजाऱ्याचे शेत आपले होत नाही, हे मात्र यांतला प्रत्येक जण मान्य करील! मायक्रोसॉफ्टचे एरिक लिगमन यांनीही त्याच सुमारास जाहीरपणे बजावले होते की, एखादी गोष्ट तांत्रिकदृष्ट्या जमते एवढ्यावरून तिचा परवाना मिळत नाही. विक्रेत्याच्या नोकराचे मत मला एरवी प्रमाण वाटत नाही. येथे वाटते, कारण याच तत्त्वाने पहिल्या पक्षाचेही खंडन होते. यंत्राच्या होकाराने हक्क निर्माण होत नसेल, तर त्याच्या नकाराने तो नष्टही होऊ शकत नाही.

तेव्हा मंडन करावयाचे ते असे. हक्काचे मूळ पूर्वीच्या परवान्यात आहे. लॅपटॉप उलटा करावा. एक्स्पी अथवा व्हिस्टाच्या नावाची, पंचवीस अक्षरांची कळ छापलेली चिकटपट्टी तेथे असेल, तर त्या लॅपटॉपची डिस्क खुशाल पुसावी आणि पहारेकरी आडवा आला तर रजिस्ट्रीतील ती नोंदही निःशंकपणे बदलावी. ज्याने सुटे भाग जुळवून नवा संगणक उभा केला, किंवा ज्याच्या मॅकबुकवर विंडोज कधी नव्हतीच, त्याने हीच नोंद बदलली तर कृती अक्षरशः तीच असूनही ती बेकायदा ठरते. विद्यार्थी म्हणून मिळालेली सूट किमतीत होती, पात्रतेच्या अटीत नव्हती.

एका बाबतीत मात्र दोष कंपनीकडेच जातो. एक्स्पीच्या अपग्रेड-सीडीवरून कोऱ्या डिस्कवर स्थापना करू लागले असता ती जुन्या विंडोजची सीडी घालावयास सांगे, तपासून पाही, आणि मग ती काढून घेऊन पुढील कामास लागे. पुरावा मागण्याची ही रीत सरळ होती. सीडीऐवजी चिकटपट्टीवरची कळ मागून विंडोज ७ मध्येही ती चालवता आली असती, आणि प्रामाणिक विद्यार्थ्यावर रजिस्ट्री उचकटण्याची पाळी आली नसती.